यादीतली बारावी ओळ

गुढीपाडव्याला आमचा फोन सकाळपासून वाजत असतो. भाचे, पुतण्या, माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी, तुमच्या आजोबांचे मित्र. तुमचा मात्र येत नाही. त्या दिवशी तुमच्याकडे बालीत न्येपी असते. नवं वर्ष तेच, शकसुद्धा आपलाच. पण आम्ही गुढी उभारून श्रीखंडाचा डबा उघडतो, आणि तुमचं बेट दिवा न लावता, चूल न पेटवता, रस्त्यावर पाऊल न टाकता दिवसभर गप्प बसतं. विमानं उतरत नाहीत, इंटरनेटही बंद. म्हणून पाडव्याला मी तुमची वाट पाहत नाही. दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाला पाहते.

यंदा दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा गायत्री, तू वही उघडूनच बसली होतीस. शाळेचा प्रकल्प आहे म्हणालीस, आजीच्या स्वयंपाकघराबद्दल. मला वाटलं, पुरणपोळी विचारशील. तू विचारलंस, "आजी, आपण पुण्यात अडकलो होतो तेव्हा आईचा मसाला तू कुठून आणलास?" सूर्या मागून डोकावत होता. तो तेव्हा जन्मालाच आला नव्हता, त्यामुळे अडकण्याची ती गोष्ट त्याला एखाद्या सहलीसारखी वाटते.

मी म्हटलं, लिहून पाठवते. माझ्याकडे यादी आहे.

यादी खरोखरच आहे. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईकडे यादी नसेल असं होत नाही. निळ्या कव्हरची वही, पट्टीनं आखलेले चार रकाने: त्यांचं नाव, आपलं नाव, कुठे मिळालं, कसं निघालं. बारा ओळी. त्यातल्या अकरा ओळी मी तुला एका बैठकीत उतरवून दिल्या असत्या. बाराव्या ओळीपाशी पेन थांबलं. तीन दिवस थांबलं. तेव्हा तुझ्या प्रकल्पापुरतं जे हवं ते यात सापडेल, पण हे लिहिणं फक्त प्रकल्पासाठी नाही. तुम्हाला मराठी कळतं, वाचता येत नाही. तुमचा बाबा हे मोठ्यानं वाचून दाखवेल आणि तुमची आई तिथेच असेल. हे धरूनच लिहिते आहे.

*

त्या वर्षी फाल्गुन संपताना तुमची आई तुला घेऊन दोन आठवड्यांसाठी आली होती. तुमचा बाबा, निखिल, पाडव्यानंतर येणार होता. तू चार वर्षांची, पाठीवर लाल पिशवी, त्यात एक चमचा आणि एक कापडी बेडूक. तुमच्या आईला मी तोवर आयुष्यात एकंदर अकरा दिवस पाहिलेलं होतं. लग्नाचे सहा आणि तुझ्या जन्मानंतरचे पाच. कोमांग हे तिचं नाव म्हणजे तिसरं अपत्य एवढंच त्यातून कळतं, हेसुद्धा मला तेव्हाच समजलं. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, दोघीही जपून, जसं पाहुण्यांच्या कपबशीतून चहा पितात तसं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की उद्यापासून कुणी घराबाहेर पडायचं नाही. सकाळी गुढी उभारली आणि खाली वाकून पाहिलं तर गल्लीत चिटपाखरू नाही. कोमांग शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, आज आमच्याकडेही असंच असतं, आई. मग थोड्या वेळानं म्हणाली, उद्या सगळं उघडतं.

आमच्याकडे ते उघडलं नाही. विमानं बंद झाली. निखिल तिकडे, तुम्ही दोघी इकडे. आठवड्याभरात गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. तुला त्या सगळ्या दिवसांतले फक्त पत्रे आठवतात, असं तू मागे म्हणाली होतीस. तू जिन्यातून उतरून त्यांच्यावर चमचा वाजवायचीस, आणि पलीकडून ड्यूटीवरचे हवालदार काठीनं तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचे. बस, एवढाच तुझा बाहेरशी संबंध.

सदाशिव पेठेतलं आमचं घर तुम्हाला माहीत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तीन खोल्या, आणि अकरा ते एक एवढंच ऊन. ज्या पेठेत क्लासच्या मुलांच्या सायकली-स्कूटरींतून वाट काढताना शिव्या मनातल्या मनात द्याव्या लागायच्या, तिथे दुपारी समोरच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या. कोकीळ तर इतकी ओरडायची की तुमचे आजोबा म्हणाले, हिला कोणीतरी सांगा, आम्ही ऐकतोय. पेपर येणं बंद झालं तेव्हा त्यांनी माळ्यावरून जुने गठ्ठे काढले आणि रोज एक वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो, हे मागच्या वर्षीचं आहे. म्हणाले, फरक दाखव.

घरात अडकलेला माणूस दोनपैकी एक करतो. शिस्त सोडतो, नाहीतर अधिक घट्ट धरतो. मी धरली. नाश्ता साडेआठ, जेवण साडेबारा, चहा चार. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी भोपळ्याची भाजी. भांडी पुसून, उपडी घालून, मग कपड्यांना हात. कोमांग प्रत्येक वेळी वेळेवर यायची, पाटावर बसायची, पानात वाढलेलं सगळं संपवायची आणि "छान" म्हणायची. तो तिचा पहिला मराठी शब्द. वैशाख उजाडेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. तरी "छान". तुमचे आजोबा एकदा जेवताना म्हणाले, या मुलीला दुसरा एखादा शब्द शिकव.

*

एका सकाळी जिन्यात पाहिलं तर ती लेलेबाईंच्या कुंडीपाशी उकिडवी बसलेली. लेलेबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या गवती चहावर सगळ्या इमारतीचा चहा चालायचा. कोमांगनं एक पात चुरगळून नाकाशी धरली होती आणि डोळे मिटले होते. मला पाहून तिनं विचारलं, "आई, याच्या खाली काय आहे?"

तीस वर्षं मी त्या कुंडीतल्या पाती कात्रीनं कापत आले. खाली काय आहे ते पाहायची गरज कधी पडली नव्हती. तिनं बोटांनी माती उकरली आणि एक कोंब मुळासकट उपटला. पांढरा, कांद्याच्या पातीसारखा, पण कडक. तो खलबत्त्यात ठेचला तेव्हा जो वास घरात पसरला तो आमच्या चहाचा नव्हता. त्यात लिंबू होतं, आलं होतं आणि काहीतरी ओलं, पाण्याकाठचं. ठेचलेला तो कोंब तिनं दिवसभर ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला.

संध्याकाळी लेलेबाईंनी वरून विचारलं, चहाला आता मुळं लागायला लागली का तुमच्याकडे. मी म्हटलं, हो, सूनबाईंना लागतात. त्या म्हणाल्या, मग कुंडीच न्या, पाती मी विकत घेईन. दुसऱ्या दिवशी कुंडी खरंच आमच्या दारात होती.

त्या दिवशी मी वही काढली.

बालीच्या स्वयंपाकाचा पाया असलेल्या वाटणाला बासा गनप म्हणतात. गनप म्हणजे पूर्ण. काहीही राहिलेलं नाही, असं. ओली हळद, आलं, लसूण, छोटे कांदे, मिरच्या हे तर आपलंच. पुढची नावं तिनं सांगितली ती मी ऐकलीही नव्हती. फोनवर चित्रं दाखवली, तर काही चेहरे ओळखीचे निघाले. मी म्हटलं, थांब. ही मुळं मी पाहिली आहेत. स्वयंपाकात नव्हे, आजारपणात.

त्या दिवसांत नारायण पेठेच्या बाजूचं काष्ठौषधींचं एक दुकान सकाळी दोन तास उघडायचं, कारण ते औषधांत मोडत होतं. सगळं पुणं काढा पीत होतं. दारासमोर खडूची वर्तुळं आखलेली, प्रत्येकात एक मनुष्य, तोंडाला फडकं, हातात कापडी पिशवी. माझी पाळी आली तेव्हा मी घशासाठी चघळतात ते कोळिंजन मागितलं.

दुकानदार म्हणाले, "गाता?"

"नाही."

"मग खोकला?"

"नाही. स्वयंपाकाला हवंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे औषध आहे. याची चव लागू नये म्हणून लोक मध घालतात."

तरी दिलं. कोळिंजन म्हणजे तुमचं लाओस, फक्त वाळून लाकूड झालेलं. पिंपळी मिळाली, ती काढ्यासाठी पुढ्यातच होती. तुमच्याकडे तिला मिरचीचं नाव आहे. कंकोळ मिळाले. कपूरकाचरी मिळाली, जी आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो. ती कोमांगनं हुंगली, थोडी जिभेवर ठेवली आणि म्हणाली, आमच्याकडची ती नाही, पण तिची बहीण आहे. जायफळ घरात होतं. लिंबाची पानं समोरच्या वाड्याच्या परसातून एका बाईंनी दोरीला बांधलेल्या पिशवीतून पाठवली. तुमच्याकडचे ते तेलकट दाणे कुठेच नव्हते, त्यांच्या जागी काजू. प्रत्येक वस्तू घरी आली की मी बरणीत भरायची, बरणीला चिठ्ठी लावायची, वहीत खूण करायची. कोळिंजन रात्रभर पाण्यात ठेवावं लागायचं, तेव्हा कुठे सुरी लागायची. तुमचे आजोबा म्हणाले, औषध खाऊन भूक लागते हे नवीनच.

पण लागली. ज्येष्ठातल्या एका दुपारी तिनं चवळीच्या शेंगा आणि भाजलेलं खोबरं त्या वाटणात कालवलं आणि पहिल्यांदाच भात परत वाढून घेतला. मी ताटाकडे न पाहता पाहत होते. आई नीट जेवत नाही म्हणून तूही कुरकुरायचीस, तेही थांबलं. त्या दिवशी मला वाटलं, अडकलेल्या घरालाही एक दार असतं आणि ते मला सापडलं. थोडा गर्व झाला, लपवत नाही.

*

आता तुमचे पेकाक. आईचे वडील. सूर्या, तू त्यांना पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. तुमच्या गावात समारंभाच्या दिवशी पहाटे पुरुष मंडळी ओळीत बसून मसाला चिरतात, आणि शेवटी सगळं कालवायचं काम एकाच माणसाकडे असतं. तुमच्या वस्तीत तो माणूस म्हणजे पेकाक. ते हातानं कालवायचे, चाखायचे आणि मान हलवायचे. मान हलेपर्यंत कुणी पान मांडायचं नाही. हे मला कोमांगनं सांगितलं. मी त्यांना पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. दात थोडेच, हसू पुष्कळ. ते परसात जाऊन मातीसकट ओलं लाओस उपटून पडद्यासमोर धरायचे, मला खिजवायला. मी माझी चिठ्ठी लावलेली बरणी धरायची. ते त्यांच्या भाषेत काही बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि मधे कोमांग हसत बसायची. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

एकदा त्यांनी एक काळपट वडी पडद्याला चिकटवली आणि विचारलं, हे आहे का. तरासी. कोमांगनं समजावलं: बारीक कोळंबी मिठात मुरवून, कुटून, वाळवून केलेली. वाटणात थोडीशीच लागते, नखाएवढी, पण तिच्याशिवाय ते गनप होत नाही.

मी शांतपणे म्हटलं, ते इथे मिळत नाही. आणि वहीतल्या बाराव्या ओळीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, Not available. शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

मी देवभोळी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या स्वयंपाकघरात मासळी शिरू नये असं सांगणारा देव कुणी नव्हता. मी होते. सासूबाईंनी हे घर माझ्या हाती दिलं ते ज्या क्रमात, तो क्रम मी कधी हलवला नाही. आणि बाहेरचं सगळं हललेलं असताना तर अजिबात हलवणार नव्हते. खरं सांगायचं तर मला कोळंबीची किळस नव्हती. मला भीती वाटत होती की एवढी एक गोष्ट आत आली की ते घर माझं राहणार नाही. आणि त्या वेळी घराशिवाय माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मग पत्रे निघाले आणि शालन परत कामाला यायला लागली. शालन तुम्हाला आठवेल, कात्रजहून येते, तिची मावशी कोकणातली. दोन दिवस तिनं कोमांगला पाहिलं. दोघींची एकही भाषा एक नव्हती, पण भांडी घासताना काय खुणा झाल्या देव जाणे. तिसऱ्या दिवशी तिनं पदराखालून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं.

"बाई, जवळा हाय. मावशीनं धाडलेला. तिच्या गावचा नसंल, पर समुद्राचाच हाय. भाजून कुटला की झालं."

कोमांग तेव्हा तुला आंघोळ घालत होती. मी पुडकं घेतलं. ते एका डब्यात, तो डबा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या मोठ्या डब्यात, आणि तो डबा गॅलरीतल्या कपाटात जुन्या पेपरांमागे, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी. हात दोनदा धुतले. स्वतःला म्हटलं, सवड मिळाली की विचार करू.

दोन दिवसांनी शालननं विचारलं, दिला का? मी म्हटलं, दिला. ती थोडा वेळ फरशी पुसत राहिली. "भाजला की वास पेठभर जातो," म्हणाली. "काय आला नाय." आणि बादली घेऊन मोरीत गेली.

*

आषाढात, दुपारी चहाच्या वेळी, निखिलचा फोन आला. पेकाक सकाळी परसात गेले होते, तिथेच बसले आणि उठले नाहीत. तिकडेही माणसं जमवायला बंदी होती. त्यांना तात्पुरतं पुरलं. मोठा दहनविधी पुढे, दिवस बरे आले की. कोमांगनं हे सगळं ऐकलं, फोन ठेवला आणि तुझी वेणी घालायची राहिली होती ती घातली. मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा होता.

रडण्यासाठीसुद्धा माणसाला स्वतःचं घर लागतं. ती आमच्या घरात रडली नाही.

चार दिवसांनी तिनं विचारलं, तुमच्याकडे माणूस गेल्यावर त्याच्यासाठी पान कधी वाढतात. मी तेराव्या दिवसाचं सांगितलं. ती म्हणाली, मी बाबांचं पान वाढू का? त्यांच्या हातचं असायचं तसं. मी म्हटलं, हे काय विचारणं. त्या वेळी डबा माझ्यापासून आठ पावलांवर होता. अजून पुष्कळ दिवस होते. रोज सकाळी मी ठरवायची की आज देऊ, आणि रोज काहीतरी आधी करायचं असायचं. देवाची भांडी, पापड, तुझा अभ्यास. शिस्त फार सोयीची असते, बाळांनो. तिच्यामागे माणूस वर्षानुवर्षं लपू शकतो.

तेराव्याला ती उजाडतानाच उठली. दोन तास सुरीचा एकसारखा आवाज येत होता, ठक ठक ठक, इतका की लेलेबाईंनी वरून फोन करून विचारलं, सगळं ठीक ना. कोळिंजन, पिंपळी, हळद, काजू, सगळं इतकं बारीक की वेगळं ओळखू येईना. खोबरं तिनं गॅसवर धरून काळं केलं. शेवटी हातानं कालवलं. चाखलं. आणि तशीच उभी राहिली, हात परातीत, पाठ माझ्याकडे, तोंड गॅलरीकडे. बाहेर पाऊस लागला होता. मला वाटलं, पाऊस पाहते आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंडातून एवढंच निघालं, "जमलं का?"

ती वळली. मान हलवली नाही. म्हणाली, "छान आहे, आई."

पान गॅलरीत ठेवलं, फूल ठेवलं, हात जोडले. तू विचारलंस, पेकाक येऊन खाणार का. ती म्हणाली, बघू.

भाद्रपद संपताना एका खास विमानात तुम्हा दोघींना जागा मिळाली. निघताना ती मला वाकून नमस्कार करून गेली, सगळं अगदी रीतसर. बरण्या मी बांधून दिल्या, चिठ्ठ्यांसकट. तुमची गाडी वळली आणि मी वर येऊन कपाट उघडलं. डबा उघडायची हिंमत झाली नाही. तसाच, तिन्ही आवरणांसकट, कचऱ्यात दिला. स्टीलचा चांगला डबा होता. तुमच्या आजोबांनी कचऱ्याच्या बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर वर केला.

*

तेव्हापासून मी मोकळी व्हायला हवी होते. पत्रे निघाले, पेठ पुन्हा स्कूटरींनी भरली, क्लासची मुलं पुन्हा जिन्यात बसून वडापाव खाऊ लागली. माझे गुडघे मात्र बसले. दिवाळीपासून मी खाली उतरलेली नाही. गॅलरीतून दिसतं तेवढं पुणं मला पुरतं, असं सगळ्यांना सांगते. पण अडकणं गुडघ्यांचं नसतं. चैत्र लागला, दुपारी गल्ली जराशी ओस पडली, कुठूनतरी गवती चहाचा वास आला, की मी पुन्हा त्या दारात उभी असते आणि कोमांगची पाठ माझ्याकडे असते. ती वळायच्या आत बोलायचं असतं. मी बोलत नाही. कुठल्याच वर्षी नाही.

म्हणून बाराव्या ओळीपाशी पेन थांबलं. गायत्री, तुझ्या वहीत "मिळत नाही" असं उतरवून देणं म्हणजे तेच खोटं पुढच्या पिढीच्या हस्ताक्षरात लिहून घेणं. तेव्हा गेल्या सोमवारी, तुम्ही दोघं शाळेत असाल अशी वेळ पाहून, मी तुमच्या आईला फोन केला.

तिचं मराठी त्या सहा महिन्यांचं आहे. थोडं, पण पक्कं. मी इंग्रजीत सुरुवात केली, वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. दोन वाक्यांनंतर ती मराठीत म्हणाली, "माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"गॅलरीच्या कपाटात होतं. पेपरांच्या मागे. मला पहिल्याच दिवशी वास आला."

अर्थात आला असणार. दोन डबे, एक पिशवी आणि डांबराच्या गोळ्या. त्यानं वास लपेल हे फक्त आमच्यासारख्या घरातल्या बाईलाच वाटू शकतं. तिचं अंथरूण त्या कपाटापासून हाताच्या अंतरावर होतं.

मी विचारलं, "मग मागितलं का नाहीस?"

"घर तुमचं. मी वाट बघत होते, तुम्ही द्याल."

"रोज?"

"रोज. तेराव्याला जास्त."

पलीकडून कोंबडा ओरडल्याचा आवाज आला, कोणीतरी झाडत होतं. मग ती म्हणाली, रागावले होते, दोन वर्षं. निखिललासुद्धा सांगितलं नाही. सूर्या झाला, मग राग धरायला हात मोकळे राहिले नाहीत. मी म्हटलं, मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही. ती माफ केलं म्हणत नाही आणि नाही केलं असंही म्हणत नाही. ती तशीच आहे. एवढंच म्हणाली, "मागच्या वर्षी मोठा विधी झाला. सगळं घालून केलं. बाबांचं झालं, आई. ते जेवले. तुमचं राहिलंय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हे वाक्य व्याकरणासारखं सोडवत बसले. माझं काय राहिलं? क्षमा? ती मिळण्यासारखी असती तर तिनं दिली असती. दुपारच्या चहाची वेळ होऊन गेली. तुमचे आजोबा स्वतः उठून चहा करायला गेले, म्हणजे किती वेळ गेला असेल पाहा.

गायत्री, तुझ्या वहीत बाराव्या ओळीपुढे लिही: मिळाला होता, दिला नाही. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर सांग, आजीनं असंच लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शालन आली. आता ती आठवड्यातून दोनच दिवस येते, केस पांढरे झालेत, जीभ तशीच. मी तिला म्हटलं, मावशीकडून थोडा जवळा मागवशील का. तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"सूनबाई यायच्यात?"

"नाही."

"मग कुणासाठी?"

मी ओटा पुसायला घेतला. म्हटलं, "माझ्यासाठी."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. शुक्रवारी पुडकं आणलं आणि या वेळी माझ्या हातात न देता सरळ ओट्यावर ठेवलं. म्हणाली, मी भाजून देऊ? मी म्हटलं, नको, कसं ते सांग. तवा तापवला. तिनं सांगितलं तेवढाच, मूठभर, टाकला. वास आला तो असा आला की मला भिंत धरावी लागली. तुमचे आजोबा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले होते, नाकाला रुमाल लावून. थोड्या वेळानं रुमाल मांडीवर आला. कुटला, वाटणात घातला, शेंगा आणि खोबरं कालवलं. हातानं कालवलं. आम्ही दोघं साडेबाराला जेवायला बसलो. मी चार घास खाल्ले. आवडलं असं लिहिणार नाही, ते खरं होणार नाही. पण चौथ्या घासाला मला कळलं की तेराव्याच्या त्या परातीत नेमकं काय नव्हतं.

खिडक्या मात्र मी आधी सगळ्या लावून घेतल्या होत्या, मोरीचीसुद्धा. लेलेबाईंना वास जाऊ नये म्हणून. तेवढं अजून जमलेलं नाही.